वाळवंट, समुद्र आणि बाबांचा भिंतीतला पट्टा

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी हे लिखाण. रेकॉर्डिंगमध्ये मागे आमच्या जानेफळच्या घरातला मिक्सर ऐकू येतोय, तो इथे तरी नाही.

यंदा जानेवारीत आम्ही घरचे सगळे गाडीनं कच्छला जाऊन आलो. बाबा, आई, ताई, तिची आठ वर्षांची पोरगी आणि मी. मेहकर, चिखली, बुलढाणा, मलकापूर, मग जळगाव-धुळ्यावरून सुरत, अहमदाबाद आणि भुज. एका बाजूनं हजार किलोमीटरच्या वर. मी म्हटलं होतं, रेल्वेनं जाऊ. बाबा म्हणाले, "रेल्वेत त्याच्यासाठी ज्वारीचं पोतं नेता येते का?" विषय संपला.

'तो' म्हणजे कच्छवाले काका. बाबा गवंडी. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर ते तिकडे कामाला गेले आणि भूकंपात टिकणारं घर कसं बांधतात ते शिकले. मग २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरला, तेव्हा तेच शिकलेलं घेऊन तिकडे गेले. मी चार वर्षांचा होतो. भुजजवळच्या एका गावात ते काकांच्या अंगणातल्या तंबूत राहिले आणि दोघांनी मिळून काकांचं घर उभं केलं. बाबा २००२ मध्ये परतले. त्यानंतर भेट नाही, फक्त फोन. दर दिवाळीला, दर ईदला. गेली दोन वर्षं तोही बंद, कारण काकांना ऐकू येईनासं झालं. बाबा इकडून ओरडायचे, काका तिकडून "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचे. शेवटी बाबाच म्हणाले, "त्याले फोनवर ऐकू येत नाही तं जाऊनच भेटावं लागन."

सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ लागतो. दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरे ढीग. भाची विचारते, "मामा, वाळवंट आहे तर वाळू कुठंय?" प्रश्न बरोबर होता. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जैसलमेरचे उंट येतात. कच्छचं रण म्हणजे समुद्रसपाटीच्या जेमतेम वर असलेली चिखलाची सपाट जमीन. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे समुद्राचं पाणी आत ढकलतात, वरून नद्यांचं आणि पावसाचं पाणी येतं. सगळं उथळ. पाऊस संपला की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. आपल्या लोणारचं तसंच आहे: पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते फक्त वाफ होऊन जातं, क्षार तिथेच. फरक एवढाच की लोणारच्या पाण्यात सोड्याचे क्षार जास्त, इथे समुद्राचं साधं मीठ. धोर्डोजवळ आम्ही त्यावर चाललो. वर कडक पापडी, पण कडेला आईची चप्पल घोट्यापर्यंत रुतली. खाली चिखल तसाच असतो.

ही जमीनही स्थिर नाही. १८१९ च्या जूनमधल्या भूकंपात इथे एक लांबच लांब बांध वर आला, त्याला 'अल्लाह बंद' म्हणतात, आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. माणसानं न बांधलेला बांध, म्हणून ते नाव.

आता घरांचं सांगतो, कारण आमच्या गाडीत दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. बन्नीत गोल मातीची घरं असतात, भुंगा म्हणतात. २००१ मध्ये दगडी चौकोनी घरं पडली आणि यातली बरीच उभी राहिली. भूकंपात भिंतीवर येणारा जोर तिच्या आणि छताच्या वजनाच्या प्रमाणात असतो. चौकोनी घराच्या भिंती वेगवेगळ्या दिशांनी हलतात आणि कोपऱ्यात फाटतात. गोल भिंतीला कोपराच नाही, वर छप्पर गवताचं, हलकं. किल्लारीला नेमकं उलटं होतं: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद.

पण सगळ्यांना गोल घर नको असतं. मग चौकोनी घराला बाबा 'पट्टा' घालतात. जोत्यावर, खिडकीखाली आणि दारांच्या डोक्यावर सळई घातलेल्या काँक्रीटची सलग पट्टी, घराभोवती न तुटता फिरलेली. कोपऱ्यांत उभ्या सळया. चारही भिंती एकमेकींना धरून ठेवतात, पेटीला कडी लावल्यासारख्या. कच्छमध्ये बहुतेकांनी घर स्वतः बांधलं. सरकार हप्त्यानं पैसे द्यायचं आणि काम तपासूनच पुढचा हप्ता सुटायचा. काकांना तेव्हा मधला पट्टा म्हणजे फुकटचा खर्च वाटला होता. दोघं त्यावरून तीन दिवस बोलले नव्हते, हे मला या प्रवासात कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा काका ओट्यावर बसले होते. बाबांनी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. मग बाबा सरळ भिंतीपाशी गेले आणि खिडकीखालच्या पट्ट्यावर हात ठेवून उभे राहिले. काकांनी पाहिलं. उठायला त्यांना वेळ लागला. त्या वेळात आम्ही बाकीचे उगाच गाडीतलं सामान काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊनच मांडवीला गेलो. रुक्मावतीच्या काठावर अजून लाकडी जहाजं बांधतात, फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून. दोघं म्हातारे तासभर तेच बघत होते. दाबेली मूळची इथलीच म्हणतात. आईचं मत, मेहकरच्या स्टँडवरची बरी.

निघण्याआधी मी काकांच्या नातवाच्या फोनवर बोलणं अक्षरांत दाखवणारं ॲप टाकून दिलं. आता दर रविवारी फोन होतो. बाबा हिंदीत बोलतात, काका स्क्रीनवर वाचतात. ते गुजराती शिकलेले, पण त्या लिपीत वरची रेघ सोडली तर बरीच अक्षरं देवनागरीच्या जवळची, म्हणून सावकाश जमतं. बाबांच्या हिंदीत वऱ्हाडी इतकी घुसते की ॲप कशाचंही काहीही लिहितं. परवा काका हसतच राहिले. काय वाचलं ते सांगेनात.