फलकांच्या गर्दीत हरवते शहराचे माप

अहिल्यानगर : इमारत किती उंच, चौक किती मोकळा, रस्ता कोठे वळतो, याचा अंदाज कोणी फूटपट्टी लावून घेत नाही. दार, खिडकी, पायरी, मजला यांची मापे नजरेला सवयीने ठाऊक असतात आणि त्यांच्या आधारे ती बाकीचा हिशेब मांडते. भिंतीवर भव्य चित्र किंवा अक्षरे आली की हा आधारच बदलतो. वास्तू तीच राहते. भासते मात्र निराळी.

वेस आणि चेहरा

अहमद निजामशहाने १४९० मध्ये वसविलेल्या या शहरात माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा आजही उभे आहेत. तटबंदी बहुतांश नाहीशी झाली, तरी कमानीखालून जाताना गावात शिरल्याची जाणीव होते. अशा वास्तूशेजारी शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स लागला, तर काय होते? माणसाचे डोके शरीराच्या उंचीच्या साधारण सातव्या हिश्श्याइतके असते. म्हणजे फलकावरील चेहरा दहा फुटांचा असेल, तर तो माणूस सत्तर फुटांचा ठरतो. त्याच्यापुढे दगडी कमान ठेंगणी वाटू लागते.

वेगाचा परिणाम

पायी चालणारा सेकंदाला सव्वा-दीड मीटर अंतर कापतो; ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे ११ मीटर. अक्षरे सहज वाचता यावीत, यासाठी दर दहा मीटर अंतरामागे त्यांची उंची अडीच-तीन सेंटिमीटर असावी, असा ठोकताळा आहे. वेग वाढला की मजकूर अधिक लांबून वाचावा लागतो, त्यामुळे अक्षरे आणि फलक दोन्ही फुगतात. वाहनातील नजरेसाठी आखलेला हा आकार पादचाऱ्याच्या अंगावर येतो. अमेरिकेतील लास व्हेगासच्या रस्त्यावर इमारतीपेक्षा पाटीच मोठी कशी झाली, याची मांडणी रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनॉर यांनी १९७२ मध्ये केली होती.

झाकणे आणि उलगडणे

मोठे चित्र नेहमीच घातक असते, असे नाही. राज्यातील अनेक जिल्हा परिषद शाळा रेल्वेच्या डब्यांसारख्या रंगविल्या गेल्या आहेत. एका ओळीतील वर्ग डबे होतात, व्हरांडा फलाट होतो. येथे चित्र इमारतीचा मूळ आकार पकडून चालते; खिडकी झाकत नाही, तिलाच अर्थ देते. लहान मुलाला शाळेची लांबलचक भिंत त्यामुळे परकी वाटत नाही.

कायदा काय सांगतो?

मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. बेकायदा फलकांवर कारवाईचे सविस्तर आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये दिले. तरीही १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला महाकाय फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना तो सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००७ पासून बाह्य जाहिरातींवर बंदी घातली. फलक उतरल्यावर मागच्या जुन्या इमारती नागरिकांना पुन्हा दिसू लागल्या.

सांगाडा भक्कम आहे का, शुल्क भरले का, हे प्रश्न परवानगी देताना आवश्यकच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : हा फलक नेमके काय झाकणार आहे? वेस, वळण की कोणाच्या घराची खिडकी, हे आधी पाहिले तरच शहराचे माप शहराच्याच हाती राहील.