कोंडवाड्याची वही पाहिलीत का?

मैत्रिणींनो, रेशनचं दुकान किती वाजता उघडतं, नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, गॅसची गाडी गल्लीत कधी शिरते, हे आपल्याला अगदी तोंडपाठ असतं. पण आपल्या गावचा कोंडवाडा कुठं आहे, असं कुणी विचारलं तर? बऱ्याच जणी विचारात पडतील. एका खोलीत आठ माणसं कोंबली, की "अगदी कोंडवाडा झालाय बाई!" असं आपण सहज म्हणतो. म्हणजे कोंडवाडा वाईटच असायचा, हे आपण जणू धरूनच चाललो आहोत. तो तसा का असावा, हा प्रश्न मात्र आपल्या मनात येत नाही.

तो आता यायला हवा. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की शाळा, दवाखाने, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं इथली भटकी कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात हलवावीत, आणि महामार्गांवरची मोकाट जनावरं उचलून गोशाळांत किंवा निवाऱ्यांत ठेवावीत. जनावर उचलणं हे एका सकाळचं काम आहे. पण उचललेल्या जनावराला रोज चारा घालणं, पाणी पाजणं, दुखलं-खुपलं पाहणं हे रोजचं काम. आणि रोजचं काम म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

ही जनावरं आली कुठून?

हिंगोली असो, वसमत असो, कळमनुरी, सेनगाव की औंढा. भर बाजारात बसलेली गाय आपण सगळ्यांनी पाहिली आहे. "मालक निर्दय आहेत," असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण जरा शेताकडे पाहा. आपल्या भागात ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, हळदीनं घेतली. ज्वारी गेली तसा कडबाही गेला. नांगराला आणि पेरणीला ट्रॅक्टर आला, तसं बैलाचं काम कमी झालं. २०१५ पासून राज्यात गाईप्रमाणेच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. तेव्हा थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही आणि घरात चारा नाही, अशी शेतकऱ्याची कोंडी होते. मग दावं सुटतं आणि जनावर गावाकडे वळतं. दुसऱ्याच्या पिकात शिरलं, की कुणीतरी चिडून ते कोंडवाड्यात आणून घालतो.

कोंडवाडा काही आजचा नाही. ब्रिटिश अमदानीत १८७१ साली त्याचा एक स्वतंत्र कायदा झाला. आपलं हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळं तो आपल्यासाठी केलेला नव्हता; पण वाचण्यासारखा आहे. त्यात म्हटलं होतं, की जनावर आलं की त्याचं वर्णन, आल्याचा दिवस आणि वेळ, आणणाऱ्याचं नाव-गाव आणि माहीत असेल तर मालकाचं नाव-गाव वहीत लिहावं. ह्या नोंदीची नक्कल आणणाऱ्याला द्यावी. जनावराला पुरेसा चारा-पाणी न देणाऱ्या रखवालदाराला ५० रुपयांपर्यंत दंड होता. आणि ते जनावर लिलावात रखवालदारानं स्वतः विकत घ्यायचं नाही, असंही बजावलं होतं. म्हणजे जनावर उपाशी राहू शकतं आणि लिलावात लबाडी होऊ शकते, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांना पुरतं ठाऊक होतं! पुढं १९५८ सालचा ग्रामपंचायतींचा आणि १९६५ सालचा नगरपरिषदांचा कायदा आला. त्या दोन्हींत कोंडवाड्याची तरतूद आहे. तेव्हा तो आपल्याच नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा, म्हणजे आपल्याच घरपट्टीवर चालणारा आहे.

आधी वही

कोंडवाडा सुधारायचा म्हटलं, की लगेच नवी इमारत, मोठी शेड, लाखांचा निधी अशी बोलणी सुरू होतात. ते होईल तेव्हा होवो. पण पहिली सुधारणा एका वहीत होते.

आपण दूधवाल्याचा हिशेब कॅलेंडरवर मांडतो, नाही का? एक दिवस खाडा झाला तरी पहिल्या तारखेला आपल्याला तो दिसतो. कोंडवाड्याची वहीही तशीच हवी. आज किती जनावरं आली, किती सुटली, किती मेली, किती उरली, चारा किती आला आणि किती संपला. कालची शिल्लक अधिक आजची आवक, वजा आजची जावक. बेरीज जुळली पाहिजे. न जुळली तर एखादं जनावर कुठं गेलं, हे विचारता येतं. वहीच नसेल तर काय विचारणार?

दुष्काळात सरकारी मदतीवर ज्या चारा छावण्या उघडल्या, त्यांचा अनुभव हेच सांगतो. काही ठिकाणी तपासणी झाली, तेव्हा कागदावरची जनावरं दावणीच्या जनावरांपेक्षा जास्त निघाली. आज नोंदणी असलेल्या गोशाळांना देशी गाईमागं दिवसाला ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२४ मध्ये घेतला आहे. पैसा डोई मोजून मिळणार असेल, तर डोई खरी मोजली जाते ना, हे कुणीतरी पाहायला नको का?

चारा-पाण्याचं गणित

आता आपल्या स्वयंपाकघरातलं गणित करू या. मोठ्या गाईला दिवसाला साधारण ४० ते ५० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. १५ लिटरच्या तीन बादल्या धरा. कोंडवाड्यात दहा जनावरं असली, तर झाल्या तीस बादल्या! एक माणूस लांबच्या नळावरून तीस बादल्या रोज वाहील का? नाही वाहणार. म्हणून हौद आत हवा, त्याला नळजोड हवा, आणि आठवड्यातून एकदा तो घासून धुवायला हवा. शेवाळलेलं पाणी आपण प्यायला देत नाही, मग तिथं कसं चालेल?

चाऱ्याचं म्हणाल, तर मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो हिरवा चारा आणि लहानाला त्याच्या निम्मा, असं माप चारा छावण्यांसाठी धरलेलं होतं. तोच अंदाज इथंही लावावा. मोठ्या जनावराला छपराखाली साडेतीन चौरस मीटर, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट जागा लागते. एवढ्या दोन मापांवरून आपल्या कोंडवाड्यात किती जनावरं मावतात आणि त्यांना किती चारा लागेल, हे कुणीही पाच मिनिटांत सांगू शकेल.

आणि एक गोष्ट, जी बाईमाणसालाच आधी सुचेल. कोंडवाड्यात दुभती गाय आली, तर तिची धार कोण काढणार? दूध तटून राहिलं, की कास सुजते आणि कधी कधी एखादं सड कायमचं जातं. तिकडं घरी तिचं वासरू हंबरत असतं. म्हणून दुभतं जनावर आलं, की त्याच दिवशी मालकाचा शोध आणि सकाळ-संध्याकाळ धार, हा नियमच हवा. गाभण आणि नुकतं व्यालेलं जनावर मारक्या बैलापासून वेगळं बांधायला हवं. आजाऱ्याला तर वेगळा कोपरा हवाच. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते. माश्या-डासांनी पसरणारा तो रोग. एका दावणीला एक लागलेलं जनावर बांधलं, की बाकीच्यांची धडगत नाही. आलेलं प्रत्येक जनावर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय इतरांत मिसळू नये.

जनावराला घर सापडलं पाहिजे

कोंडवाडा ही जनावराची शिक्षा नव्हे, ती वाटेतली एक मुक्कामाची जागा आहे. चांगला कोंडवाडा कोणता? ज्यातून जनावर लवकर घरी जातं तो.

समजा, एका विधवा बाईच्या दोन शेळ्या आहेत. त्यातली एक कुणाच्या तरी वावरात शिरली आणि कोंडवाड्यात गेली. बाई दोन दिवस रानात शोधत फिरते. तिला कुणी सांगत नाही. रोजचा चाऱ्याचा खर्च दंडावर चढत जातो. तिला कळतं तेव्हा सोडवण्याचा आकडा तिच्या आठवड्याच्या मजुरीएवढा झालेला असतो. नाहीच कळलं, तर शेळी लिलावात जाते. त्या घरची पोरांच्या पुस्तकांची सोयच गेली! हे टाळायला किती खर्च येतो? एक फळा आणि एक खडू. आज कोणती जनावरं आली, रंग, शिंगं, खुणा, दंड किती, हे बाहेरच्या फळ्यावर रोज लिहावं. आता तर मोबाइलवर फोटोही टाकता येतो.

शिवाय गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, तो आपण पाहिला असेल. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाशी मालकाची नोंद जोडलेली असते. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. जनावर आलं की आधी तो बिल्ला वाचावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात क्रमांक कळवावा, आणि मालकाला निरोप धाडावा. मालक वारंवार सोडून देणारा असेल, तर दंड जरूर करावा. पण ज्याचं चुकून सुटलं आणि ज्यानं मुद्दाम सोडलं, त्यांतला फरक वहीत पाहिल्यावरच कळतो.

कुत्र्यांचं काय?

कुत्री गुरांच्या कोंडवाड्यात कोंडणं हा उपाय नव्हे. त्यांच्यासाठी २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम आहेत. नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि त्यावर देखरेखीसाठी समिती हवी. इथंही वही आहेच: कोणत्या भागातून कुत्रं उचललं, शस्त्रक्रिया कधी झाली, लस कधी दिली, पुढं कुठं ठेवलं किंवा सोडलं. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून घरोघर आणि गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस देण्याची मोहीम चालली; प्रत्येक कुत्र्याची नोंद ठेवली. २०२१ मध्ये गोव्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर करता आलं.

तोवर घरात एवढं पक्कं लक्षात ठेवा. कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. मध्येच सोडू नका.

आपण काय करायचं?

तुम्ही म्हणाल, "आम्ही बायका तिथं जाऊन काय करणार?" पुष्कळ! महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपली नगरसेविका आपल्यासारखीच घर चालवणारी आहे. चौघी-पाचजणी मिळून तिला घेऊन महिन्यातून एकदा कोंडवाड्यात जा. गावात राहत असाल, तर ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथं हा विषय मांडा. जाऊन भांडू नका. तिथला माणूस बहुधा एकटा असतो. त्याला आधी विचारा, "दादा, तुम्हाला काय कमी पडतं?" मग वही मागा. वही दाखवलीच नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि हो, भेटीला जाताना डबे भरून शिळा भात, पोळ्या, लग्नातलं उरलेलं नेऊ नका. माया कळते, पण जास्त भात-पोळीनं जनावराचं पोट बिघडतं, फुगतं, जीवही जातो. पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळीचा घास मायेपुरताच. न्यायचंच असेल, तर हिरव्या चाऱ्याची पेंढी न्या. तसंच घरातला ओला कचरा पिशवीत गाठ मारून रस्त्यावर टाकू नका. गाय पिशवीसकट खाते आणि ते प्लॅस्टिक तिच्या पोटात साठत जातं. ओला कचरा वेगळा आणि उघडा ठेवून घंटागाडीत टाकला, तर तेवढा तिचा जीव वाचेल.

मुंबईत परळला जनावरांचा एक जुना मोठा दवाखाना आहे, एकोणिसाव्या शतकातला. त्याला नाव आहे एका बाईचं, बाई साकरबाई दिनशा पेटिट. आपल्याला दवाखाना बांधायचा नाही, आपलं नाव कुठं लावायचं नाही. आपल्याला फक्त हौदात पाणी आहे का, छपराला पत्रा आहे का, आणि कालची शिल्लक आजच्या आकड्याशी जुळते का, एवढं पाहायचं आहे.

येत्या महिन्यातला एक वार ठरवा, शेजारणीला सांगा, आणि जाताना पेन न्यायला विसरू नका.