रविवारी सव्वाबारा वाजता

लंडनच्या हाईड पार्कला उत्तरेकडून खेटून बेजवॉटर नावाचा भाग आहे. आता तिथे हॉटेलं, अरबी खाणावळी आणि बॅगा ओढत निघालेले पर्यटक. पण दुसऱ्या महायुद्धात तिथल्या क्वीन्सबरो टेरेसवरच्या तीन नंबरच्या घरात दर रविवारी दुपारी सव्वाबारा ते साडेबारा काही माणसं डोळे मिटून बसत. त्याच वेळी ठिकठिकाणी विखुरलेली त्यांची मंडळी आपापल्या घरी लंडनकडे तोंड करून बसत. पाय जुळवलेले, हात गुंफलेले, मांडीवर त्या आठवड्याचं पत्र. सगळ्यांनी मिळून एकच चित्र मनात आणायचं.

हे चालवणारी बाई म्हणजे डायन फॉर्च्युन. खरं नाव व्हायोलेट फर्थ, जन्म १८९०चा. 'फ्रॅटर्निटी ऑफ द इनर लाइट' ही तिची गूढविद्येची संस्था. युद्धामुळे प्रवास अवघड झाला, बैठका होईनात, म्हणून ऑक्टोबर १९३९पासून तिनं पत्रं धाडायला सुरुवात केली. तीन वर्षं ती लिहीत होती. पुढे १९९३मध्ये 'द मॅजिकल बॅटल ऑफ ब्रिटन' या नावानं त्यांचं पुस्तक निघालं.

कल्पना अशी, की विचार हवेत विरून जात नाही, त्याला आकार येतो. अनेकांनी ठरल्या वेळी एकच विचार केला तर तो आकार टिकतो, आणि पुढे तोच त्या गटाला चालवायला लागतो. युरोपातले गूढवादी याला 'एग्रेगोर' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जागा राहणारा, पहारेकरी. आपल्याला होमरूलमुळे ठाऊक असलेल्या ॲनी बेझंटबाईंनी लेडबीटर यांच्यासोबत विचारांच्या आकारांवर रंगीत चित्रांसकट एक पुस्तकच लिहिलं होतं, आणि डायनही काही काळ थिऑसॉफिकल सोसायटीत होती. (गणपतीत दहा दिवस मंडळात जे संचारतं तेही हेच का, असं मला एका इंग्रज शेजाऱ्यानं विचारलं होतं. मी त्याला मोदक दिला. बाप्पाला एग्रेगोर म्हणायला माझी जीभ धजत नाही.)

डायनच्या मंडळींनी ग्लास्टनबरीच्या टेकडीखाली एक गुहा कल्पिली होती. आर्थर राजा, मर्लिन आणि येशू ख्रिस्त यांच्या प्रतिमा त्यांच्या ध्यानात होत्या. देशाच्या सीमांवर शस्त्रधारी देवदूत गस्त घालताहेत, असंही चित्र असे. त्यानं बाँब अडले का? माझ्या मते नाही. खुद्द त्यांच्याच घराला बाँबचा तडाखा बसला आणि काही दिवस बिऱ्हाड हलवावं लागलं. पत्रं मात्र थांबली नाहीत. रात्र रात्र भोंगे वाजत असताना रविवारची पंधरा मिनिटं आपण एकटे नाही एवढं कळणं, हेच मोठं काम असणार.

मला त्या पत्रांतली सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ध्यान संपवण्याची रीत. चित्रावर दोन्ही बाजूंनी काळ्या मखमलीचे पडदे सरकत येऊन मधोमध मिळतात, असं मनात आणायचं. मग उठायचं आणि जमिनीवर पाय जोरात आपटायचा. झालं. आता स्वयंपाकघरात जा.

हा पडदा कशाला लागतो ते मी कोविडच्या दुसऱ्या हिवाळ्यात पाहिलं. आमच्या एका मैत्रिणीचा नवरा व्हेंटिलेटरवर होता. आम्ही चौदा जणी रोज रात्री नऊला व्हिडिओवर रामरक्षा म्हणायचो आणि शेवटी डोळे मिटून एकच चित्र बघायचो: तो स्वतःच्या पायांनी घराच्या पायऱ्या चढतोय. पहिले दहा-बारा दिवस या नऊच्या वेळेनंच तिला तारलं. निदान त्याआधी दोन घास खायची. मग डॉक्टरांनी हळूहळू आशा नसल्याचं सांगायला सुरुवात केली, आणि तेच चित्र तिच्या मानगुटीवर बसलं. कुणी हॉस्पिटलचं विचारलं की दुसरी लगेच म्हणायची, "निगेटिव्ह नको गं बोलूस." कुणी एक बाई असं दटावत नव्हती, ते आमच्या सगळ्यांत मिळून कुणीतरी होतं. आपण 'तो जातोय' म्हटलं तर चौदा जणींचा विश्वास मोडेल, अशी तिला धास्ती. म्हणून तीही गप्प.

सांगलीहून तिची आई रोज यायची, ऐंशी उलटलेली. एकविसाव्या रात्री फलश्रुती झाल्यावर त्यांनी कुणाला डोळे मिटू दिले नाहीत. म्हणाल्या, "पोरींनो, पुष्कळ केलंत. आता सांगता करू. उद्यापासून नको." कुणीच काही बोलेना. मग लेकीला म्हणाल्या, "त्याला भेटायला सोडतात का, उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पीपीई घालून अर्धा तास आत सोडलं. त्याच्याशी जे बोलायचं होतं ते तिला बोलता आलं.