पंख असून अडलेले

पक्ष्याला पंख आहेत, रान तुटले तर तो उडून पलीकडे जाईल, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. अ‍ॅमेझॉनमध्ये मानाऊसच्या उत्तरेला १९७९ पासून चाललेल्या प्रयोगाने तो खोडून काढला. तिथे कुरणांसाठी जंगलतोड होताना १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखले गेले. तोडीनंतर लगेच या तुकड्यांत लावलेल्या जाळ्यांत पक्षी उलट जास्तच सापडू लागले; पण ती भरभराट नव्हे, विस्थापितांची गर्दी होती, आणि काही महिन्यांत ती ओसरली. लष्करी मुंग्यांमागे फिरून त्यांनी उठवलेले किडे टिपणारे पक्षी तर लहान तुकड्यांतून झपाट्याने नाहीसे झाले. गर्द सावलीतल्या या पक्ष्यांना (आपल्याला किरकोळ वाटणारी) उघडी पट्टीही ओलांडवत नाही. मोकळ्या जागी सेक्रोपियाची झाडे वाढल्यावर त्यांतले काही परतले. म्हणजे अडचण अंतराची कमी, उघडेपणाची जास्त होती.