मत माझं, बातमी सगळ्यांची

“तुम्ही पेपरवाल्या ना? मग फेसबुकवर गप्प का?” वडाळ्यात भाजी घेताना, लोकलच्या लेडीज डब्यात, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मैत्रिणींनो, गप्प बसणं माझ्याही स्वभावात नाही. पण आमच्या धंद्यात जिभेला थोडा लगाम लागतो.

१९ ऑगस्ट २०२५ ची संध्याकाळ घ्या. धो धो पाऊस, हार्बर लोकल ठप्प आणि भक्ती पार्कच्या अलीकडे मोनोरेल अधांतरी अडकलेली. आत पाचशेहून जास्त माणसं, वीज नाही, एसी बंद. अग्निशमन दलाने शिड्या लावून सगळ्यांना उतरवलं. इकडे बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येकीचं कारण वेगळं! शेजारच्या काकूंनी फर्मान सोडलं, “अगं, कोणाची चूक ते तू लिही. तुझं लोक खरं मानतात.”

नेमकी तिथेच गोम आहे. लोक खरं मानतात, म्हणूनच थांबावं लागतं. मत तयार होतं, कारण ठाऊक नव्हतं. नंतर प्रशासनाचा खुलासा आला: क्षमता १०४ टन, वजन झालं १०९ टन. बातमीत हे ‘प्रशासनाचं म्हणणं’ म्हणून द्यायचं. लोकल बंद असताना माणसांनी जायचं कुठे, हे झालं माझं मत. दोन्ही हवंच, पण एकत्र कालवून वाढायचं नाही.

हा पेच काही फेसबुकने आणलेला नाही. टिळक-आगरकरांनी सहकाऱ्यांसह १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू केला. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय, या कळवळ्यापोटी दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला. ज्या पत्रांच्या भरवशावर छापला, ती बनावट निघाली. १८८२ मध्ये दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. कळवळा खरा होता, कागद खोटे होते. पुढे समाजसुधारणेवरून दोघांचे मतभेद वाढले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. मत दडपलं नाही, पण ते स्वतःच्या पाटीखाली मांडलं.

मीही काही पथ्यं पाळते. निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याच पक्षाची पोस्ट लाइकसुद्धा करत नाही. उद्या वही घेऊन सगळ्याच उमेदवारांच्या दारात जायचं असतं. ‘हे माझं वैयक्तिक मत’ असं प्रोफाइलवर लिहिलं म्हणून सुटका होत नाही. वाचणाऱ्याला माझं नाव आणि पेपरचं नाव एकत्रच आठवतं. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बातमी मी करत नाही. माझंच घर त्यात, मग तटस्थ कशी राहणार? ऑफिसात तसं सांगून टाकलं. काकू महिनाभर फुगून बसल्या. वाईट वाटलं, पण बातमी दुसऱ्याने केली आणि ‘ही तर त्यांच्यातलीच’ म्हणायला कुणाला जागा उरली नाही.

तुमच्यापैकी कुणी शिक्षिका असेल, कुणी अंगणवाडीताई, कुणी बचत गटाची अध्यक्ष. गावात तुमचाही शब्द चालतो. ग्रुपवर काही पुढे पाठवण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हे मला माहीत आहे, की नुसतं वाटतंय? वाटत असेल तर खुशाल लिहा, पण ‘मला वाटतं’ हे दोन शब्द आधी लिहा. दोनच शब्द, पण लोकांचा विश्वास त्यांनीच टिकतो.