भाकर खावी की पोळी?

मधुमेहाचे निदान झाले की रुग्णाच्या घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टरसाहेब, आता गहू बंद करून ज्वारीची भाकर सुरू करू का?" वजन वाढलेल्या बायका हेच विचारतात, गुडघे धरलेले वृद्ध हेच विचारतात, आणि हल्ली तर ज्यांना काहीही झालेले नाही तेही विचारतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरड धान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून ज्वारी-बाजरीचा बोलबाला अधिकच वाढला. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु ज्वारी म्हणजे औषध आणि गहू म्हणजे विष, असा जो समज पसरला आहे त्याने नुकसान होते. म्हणून आज या प्रश्नाचा सविस्तर विचार करू.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. वरठी, मोहाडी भागात ताटात मुख्य मान भाताचा. पोळी त्याच्या जोडीला येते. ज्वारी मात्र आपल्याकडे बहुतेकांना बाजारातून विकत आणावी लागते आणि पुष्कळदा ती गव्हापेक्षा महाग पडते. म्हणजे भाकर सुरू करणे हा येथील कुटुंबाला खर्चाचाही प्रश्न आहे. त्या खर्चातून नेमके काय मिळते हे समजून घेतले पाहिजे.

आकडे काय सांगतात?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ उष्मांक, १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. १०० ग्रॅम कणकेत सुमारे ३२० उष्मांक, साडेदहा ग्रॅम प्रथिने, ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही धान्ये जवळजवळ सारखीच आहेत!

खरा फरक पुढे आहे. मैद्यात उष्मांक ३५२, पण तंतुमय पदार्थ ३ ग्रॅमपेक्षा कमी आणि लोह २ मिलिग्रॅमहून कमी. पांढऱ्या तांदळातही तंतुमय पदार्थ ३ ग्रॅमच्या आत, आणि लोह तर १ मिलिग्रॅमही नाही. तेव्हा सालासकट दळलेली ज्वारी आणि कोंड्यासकट दळलेला गहू ही दोन्ही धान्ये एका बाजूला, तर मैदा आणि पॉलिश केलेला तांदूळ दुसऱ्या बाजूला, अशी खरी विभागणी आहे. चक्कीवरून आणलेली कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा गायीला घालणाऱ्या घरात गव्हाचा निम्मा गुण गोठ्यात जातो.

तीन पोळ्या आणि दोन भाकरी

"भाकर सुरू केली तरी साखर वाढलीच" अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते. त्याचे उत्तर हिशोबात आहे.

एका घडीच्या पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. हातावर थापलेल्या जाड भाकरीला ६० ग्रॅम पीठ सहज जाते. पूर्वी तीन पोळ्या खाणारा माणूस आता दोन भाकरी खातो आणि एक कमी केल्याचे समाधान मानतो. प्रत्यक्षात ९० ग्रॅम कणकेच्या जागी १२० ग्रॅम ज्वारी पोटात गेली. तीन पोळ्यांतून कर्बोदके गेली असती सुमारे ५८ ग्रॅम, दोन भाकरींतून गेली ८१ ग्रॅम. रक्तातील साखर मुख्यतः या कर्बोदकांमुळे चढते. त्यावर १०० ग्रॅम तांदळाचा भात घेतला की आणखी ७८ ग्रॅमची भर पडते. मग साखर उतरणार कशी?

ज्वारीने साखर थोडी सावकाश चढते असे काही अभ्यासांत दिसले आहे, विशेषतः पीठ जरा भरड दळले असेल तर. परंतु हा फायदा दुप्पट खाण्याने क्षणात पुसला जातो.

याच माणसाने एकच भाकर आणि ३० ग्रॅम तांदळाचा, म्हणजे साधारण एका वाटीचा भात घेतला, तर कर्बोदके ६५ ग्रॅमच्या आत राहतात. किंवा दोन पोळ्या आणि तेवढाच भात घेतला तरी तीच गोष्ट. आपल्या भागात साखर बिघडवणारी खरी सवय म्हणजे आधी पोटभर पोळी किंवा भाकर आणि नंतर ताटभर भात. दोन धान्ये एकमेकांची जागा घेत नाहीत, एकावर एक रचली जातात.

भाकरीचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. तिला तेल लागत नाही. पोळीला एक चमचा तेल लावले तर ४५ उष्मांक वाढतात, तीन पोळ्यांना १३५. वजन कमी करायचे असेल तर हा फरक मोठा आहे. पण मग कोरडा फुलका केला तरी तोच लाभ मिळतो. आणि भाकरीवर लोणी, तुपाची धार व तेलात बुडालेले चून घेतले तर तो लाभ गेलाच म्हणून समजा.

गोळी आणि भाकर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही रुग्ण भाकर सुरू करतात आणि मधुमेहाची गोळी बंद करतात. कारखान्यात पाळीवर जाणारे एक गृहस्थ असेच चार महिने आले नाहीत. आले ते पायाची जखम घेऊन. "गहू सोडला होता, म्हणून गोळीही सोडली," असे त्यांचे म्हणणे. साखर तपासली तर ती निदानाच्या वेळेपेक्षाही अधिक होती. जखम भरली, पण दोन महिने लागले आणि तेवढे दिवस रोजी बुडाली. धान्य बदलणे हा गोळीला पर्याय नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊन एखादा उत्साही माणूस भात एकदम बंद करतो, एकाच भाकरीवर येतो आणि रात्रपाळीला जातो. अशा वेळी, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात असंबद्धपणा, ही लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही न देता ताबडतोब दवाखाना गाठावा. म्हणून आहारात मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना सांगा. गोळीची मात्रा कमी करायची की तीच ठेवायची, हे साखर पाहूनच ठरवता येते.

कोणते धान्य आपल्याला मानवते हे तपासण्याचा सोपा मार्ग आहे. एक दिवस ६० ग्रॅम पिठाची भाकर आणि दुसऱ्या दिवशी ६० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या खा. दोन्ही दिवशी भाजी-वरण सारखेच ठेवा आणि भात घेऊ नका. पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजा. आपल्या शरीराचे उत्तर शेजाऱ्याच्या अनुभवापेक्षा अधिक खरे असते.

गहू कोणी खरोखरच सोडावा?

गव्हात ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन असते. त्यामुळेच कणीक ताणली जाते आणि पोळी पातळ लाटता येते. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरीचे पीठ आधणाच्या पाण्याने मळून चिकट करावे लागते, आणि पीठ जुने होऊन विरी गेली की भाकर तुटते. सुगरणीला त्रास देणारा हाच गुण काही रुग्णांना तारतो.

सिलियाक नावाच्या आजारात ग्लुटेनमुळे आतड्याच्या आतील अस्तराची हानी होते. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या सुमारास या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध सिद्ध केला. महायुद्धाच्या अखेरच्या टंचाईत पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी मुले सुधारू लागल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते. आपल्या देशात हा आजार गहू अधिक खाणाऱ्या उत्तरेकडे जास्त आढळतो, पण आपल्याकडे मुळीच नाही असे नव्हे. मूल वाढत नाही, वारंवार पातळ शौचास होते, पोट फुगते, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही, अशा वेळी या आजाराची शंका घ्यावी.

येथे एक सावधगिरी बाळगा. तपासणीआधीच गहू बंद करू नका. गहू चालू असतानाच रक्ततपासणी खरे उत्तर देते. निदान पक्के झाले तर मात्र गहू आणि जव जन्मभर पूर्णपणे बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि तांदूळ चालतात. पण गव्हानंतर त्याच चक्कीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते. अशा रुग्णाचे दळण घरीच वेगळे करावे.

हा आजार नसलेल्या माणसाने ग्लुटेनची भीती बाळगण्याचे कारण नाही.

केवळ भाकरीवर राहणेही बरे नाही

मेक्सिको देशातही आपल्यासारखाच वाद आहे. तेथील लोक 'तोर्तिया' नावाची पातळ भाकर खातात. तिच्यात भाजी-मांस भरून दुमडले की त्याला 'टाको' म्हणतात. मध्य आणि दक्षिण भागात ही भाकर मक्याची असते, उत्तरेकडे गव्हाच्या मैद्याची. मका तेथे शतकानुशतके चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग वाटतात. त्यामुळे मक्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते, शिवाय कॅल्शियम मिळते. मका युरोपात गेला, पण चुन्याची ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा आजार जडू लागला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, अतिसार आणि शेवटी बुद्धिभ्रम. स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये तो ओळखला. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो आहारातील उणिवेचा रोग असल्याचे दाखवले, आणि १९३७ मध्ये त्यावरील जीवनसत्त्व सापडले.

हे सांगण्याचे कारण असे की हाच आजार दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांतही आढळत असे. डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या घटकाशी जोडला. त्या मीमांसेवर पुढे मतभेद झाले, पण एक बोध कायम राहिला. धान्य कितीही चांगले असो, केवळ त्याच्यावर माणूस निरोगी राहत नाही. आज पेलाग्रा क्वचितच दिसतो, कारण ताटात इतर पदार्थ आले.

ज्वारी आणि गहू या दोहोंच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. ती उणीव डाळ भरून काढते. म्हणून चून-भाकर किंवा वरण-पोळी ही जोडी आपल्या आज्यांनी उगाच जमवली नव्हती. महागडी ज्वारी आणायची म्हणून ज्या घरात डाळ पातळ होते, त्या घराने सरळ रेशनच्या गव्हाची पोळी खावी आणि वाचलेल्या पैशात डाळ, अंडी, पालेभाजी आणावी. मुलांच्या वाढीला त्याचा कितीतरी अधिक उपयोग होईल.

थोडक्यात

१. भाकर आणि पोळी दोन्ही उत्तम. घरात जे धान्य परवडते आणि पचते ते खा. आलटून पालटून खाल्ले तर अधिक चांगले.

२. पीठ एकदा तराजूवर मोजून पाहा. एक जाड भाकर म्हणजे दोन पोळ्या, हे ध्यानात ठेवा.

३. पोळी किंवा भाकर खाल्ली तर भात एक वाटीच. भात अधिक हवा असेल तर पोळी कमी करा.

४. कणीक चाळून कोंडा फेकू नका. मैद्याचे पदार्थ रोज नकोत.

५. ताटात डाळ, उसळ किंवा अंडे आणि हिरवी भाजी असू द्या. वर लिंबू पिळा, त्याने धान्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते, म्हणून चहा तासाभराने घ्या.

६. धान्य बदलले म्हणून मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. दर तीन महिन्यांनी तपासणी करा आणि आपल्या पायांकडे रोज एकदा निरखून पाहा.