प्रोसेसरच्या नावावर बिल फाडू नका

कॅड-कॅम सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा ईमेल एखाद्या वर्कशॉपला येतो. 'आपल्याकडे विनापरवाना कॉपी वापरात असल्याचे आढळले आहे.' मग भोसरीच्या जे ब्लॉकपासून चाकणच्या नाणेकरवाडीपर्यंत एकच निदान ऐकू येतं. "अहो, प्रोसेसरमध्ये नंबर असतो. नेट लावलं की कंपनीला कळतो. इंटेलवाल्यांनीच सोय करून ठेवलीय." वर सल्लाही मिळतो, प्रोसेसर बदलून टाका. हे इतक्या वेळा ऐकलंय की आता कान किटले.

या समजाला इतिहास आहे, हे मान्य. जानेवारी 1999 मध्ये इंटेलने जाहीर केलं की पेंटियम थ्रीच्या प्रत्येक चिपमध्ये 96 बिटांचा स्वतंत्र अनुक्रमांक असेल आणि सॉफ्टवेअरला तो वाचता येईल. ऑनलाइन व्यवहारात ओळख पटवायला उपयोग, हे कारण सांगितलं. अमेरिकेतल्या एपिक, जंकबस्टर्स अशा संघटनांनी खाजगीपणाच्या मुद्द्यावर बहिष्काराची हाक दिली. 'इंटेल इनसाइड'चं 'बिग ब्रदर इनसाइड' झालं. नंबर बंद ठेवायची सोय देतो, असं इंटेल म्हणाली, तर बंद केलेला नंबर सॉफ्टवेअरमधून पुन्हा चालू करता येतो हे 'सी-टी' या जर्मन मासिकाने दाखवलं. 2000 साली इंटेलने माघार घेतली आणि पेंटियम फोरमध्ये हा नंबर आलाच नाही. आक्षेप घेणारे बरोबर होते आणि ते जिंकलेही. तुमच्या टेबलावरचा डेस्कटॉप त्यानंतरचा आहे!

इथे कुणीतरी मोबाईलमधला फोटो पुढे करतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'प्रोसेसर आयडी' मागितला की 16 अक्षरं येतात. इंटेलच्या बहुतेक मशिनवर सुरुवात बी-एफ-ई-बी-एफ-बी-एफ-एफ अशी. "हा बघा नंबर!" बघितला. आता शेजारच्या टेबलावरच्या त्याच मॉडेलच्या मशिनवर तीच आज्ञा देऊन बघा. तीच 16 अक्षरं येतील. तो चिपचा प्रकार आणि तिच्यातल्या सोयी सांगणारा कोड आहे. त्यावरून तुमचं मशिन हजारोंतून वेगळं काढता येत नाही.

मग कंपनीला कळतं कसं? तुम्हीच बसवलेलं सॉफ्टवेअर सांगतं. नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस, कॉम्प्युटरचं नाव, लॉगिनचं नाव, आयपी अ‍ॅड्रेस एवढं ते विंडोजकडून सहज मिळवतं, आणि अनेक महागड्या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती कंपनीला पाठवायची सोय असते. क्रॅक मारला की परवान्याचं कुलूप तुटतं, पण ही कळवाकळवी बंद होतेच असं नाही. आणि आपल्याकडे कॉम्प्युटरचं नाव काय असतं? फर्मचंच. ईमेलही फर्मच्याच डोमेनचा. एवढं मिळाल्यावर चिपचा नंबर कुणाला हवाय?

चाकणमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर 17 अक्षरी चासी नंबर असतो. नुसत्या त्या नंबरावरून मालक कळत नाही. आरटीओच्या नोंदीत मालकाचं नाव त्याच्यापुढे चढलं की कळतो. खाजगीपणाचा प्रश्न नेहमी या नोंदवहीचा असतो. ती कोणाकडे आहे, तिला काय काय जोडलंय, किती दिवस ठेवतात, हे विचारायला हवं. हे कुणी विचारत नाही. प्रोसेसरला शिव्या घालणं सोपं पडतं.

बाकीचे समज थोडक्यात. फोनचा 15 अंकी आयएमईआय कुठल्याही अ‍ॅपला वाचता येतो, हे अँड्रॉइड 10पासून खरं नाही. तो तुमच्याशी जोडला जातो मोबाईल कंपनीच्या नोंदीत, आणि चोरीचा फोन सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून ब्लॉक होतो तोही या नंबरावरूनच. सर्व्हरच्या झिऑन प्रोसेसरमध्ये नंबर असतो, हे खरं. पण तो वाचायला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंतची परवानगी लागते, वेबसाइटला तो दिसत नाही. वेबसाइटला त्याची गरजही नाही. ईएफएफ या संस्थेने 2010 साली तपासलेल्या ब्राउझरांपैकी 83.6 टक्के ब्राउझर फॉन्ट, स्क्रीन, प्लगिन असल्या तपशिलांवरून एकमेवाद्वितीय निघाले. इन्कॉग्निटोने आयपी अ‍ॅड्रेस लपत नाही. फॉरमॅट मारल्याने मॅक अ‍ॅड्रेस बदलत नाही.

तेव्हा नोटीस आली तर मशिन फॉरमॅट करायला धावू नका, त्यात पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घ्याल. पत्र खरं आहे का, हे कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर विचारा, खरेदीची बिलं काढा, वकिलाला दाखवा. कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 63ब स्पष्ट आहे. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. वर्कशॉपला ती पळवाट नाही.